मढच्या वाळवणावर गुरू ग्रह

मुलुंड

आमच्या सोसायटीतले लोक बँकॉकला जाऊन आले, बालीला जाऊन आले, एक जोडपं तर कुठल्याशा बर्फात लोळून आलं. पण मढला गेलेला मला एकही भेटला नाही. मी मढला निघालोय म्हटल्यावर लिफ्टमध्ये एकाने विचारलं, "ते लोणावळ्याच्या पुढे ना, नाना?" अरे बाबा, मुंबईतच आहे. वर्सोव्याच्या खाडीपलीकडे. म्हणून सोसायटीच्या अंकासाठी हे लिहायला घेतलं. सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही सांगा, तुमचा मुलगा टाइप करेल. मी म्हटलं, गेलो मी, तर लिहिणार मी. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ छापणाऱ्याने बघून घ्यावं, मजकुराला हात लावू नये.

गेलो कशाला, ते आधी सांगतो. माझी नात केतकी पीएचडी करते. गुरू ग्रहाच्या डोक्यावर आणि पायथ्याशी, म्हणजे दोन्ही ध्रुवांवर, एक उजेड असतो. तो कशाने पडतो हा तिचा विषय. दिवाळीनंतर एक दिवस ती संस्थेत जायची बंद झाली. तिच्या मैत्रिणीची मावशी मढला राहते. तिच्या घरामागची खोली घेऊन ही तिथे जाऊन बसली. आईचा फोन घेत नाही, बापाला एका शब्दाचा मेसेज. तिच्या सरांनी आमच्या घरी फोन केला. म्हणाले, सोमवारपर्यंत काय ते कळवू दे. येणार असेल तर ये म्हणावं, नाहीतर तिची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल.

सून रडायला लागली. मुलगा नुसता येरझाऱ्या घालतो. मी पिशवी भरायला घेतली.

"नाना, तुम्ही कुठे निघालात?" सुनेने विचारलं.

"मढला. तिला घेतल्याशिवाय येणार नाही."

मुलगा म्हणाला, गाडीने सोडतो. मी नाही म्हटलं. नातीला आणायला गेलेला म्हातारा गाडीतून उतरला की ती समजते सगळं घर चालून आलं. हे लिहायला केतकीची परवानगी आहे. विचारूनच लिहितोय.

वर्सोव्याचा धक्का

घाटकोपरहून मेट्रोने वर्सोव्याला गेलो. थंड हवा, बसायला जागा. एका मुलीने उठून जागा दिली, ती मी घेतली नाही, आणि मरोळपर्यंत उभं राहिल्यावर गुपचूप घेतली. मरोळ आलं की माझी मान आपोआप उजवीकडे वळते. तिकडे एमआयडीसीत माझी उमर गेली. मोटार वायंडिंगचं काम. जळलेली मोटार यायची, आतली तांब्याची तार उसवायची, नवी गुंडाळायची, वार्निश मारायचं. आता तिथे काचेच्या इमारती आहेत, काही ओळखू येत नाही.

धक्क्यावर वास आला आणि मला आमचं देवगड आठवलं. पण देवगडच्या बोटीत मोटारसायकल चढवलेली मी बघितली नव्हती. इथे माणसं, टोपल्या, मोटारसायकली, एक बकरी, सगळं एकाच फेरीत. दोरी नाही, कठडा नाही. एक कॉलेजातली पोरगी मोटारसायकलवर बसूनच खाडी ओलांडते आणि तेवढ्यात केस बांधते. पाणी ओलांडायला पाच मिनिटं लागत नाहीत, पण पलीकडे पाय ठेवला की दुसरं गाव. हॉर्न कमी, कुत्री जास्त, आणि दर चार घरांमागे एक क्रूस, त्याला झेंडूची माळ. झेंडूचीच. मला बरं वाटलं.

मढ, पहिला दिवस

त्या मैत्रिणीच्या मावशीचं, फिलूबाईचं, घर विचारत निघालो. पुढे पोलीस चौकी दिसली, बाहेर निळा-पांढरा बोर्ड, खुर्चीवर इन्स्पेक्टर. मी जाऊन नमस्कार केला, "साहेब, फिलोमेनाबाईंचं घर कुठे?" साहेब म्हणाला, "काका, मी मालाडला राहतो." मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, "हद्द तुमची आणि घर माहीत नाही?" तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, फ्रेममध्ये कोण आलं?" वाकून बघितलं तर चौकीला पाठच नाही. प्लायवूडची भिंत, मागे बांबू आणि चहाची किटली. शूटिंग चाललं होतं. इथले बंगले त्यासाठीच भाड्याने जातात. इन्स्पेक्टरने मला चहा दिला. खऱ्या चौकीत मला आजवर कोणी दिला नव्हता.

फिलूबाई साठीची असेल. अंगणात कोळंबी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कोन रे तू?"

मला मुलुंडमध्ये कोणी अरे-तुरे करत नाही. सेक्रेटरीसुद्धा अहो-जाहो करतात. मी छाती काढून सांगितलं, "मी केतकीचा आजोबा."

"मंग उभा का? बस ना. पोरगी जेवत नाय बरोबर. आयलास ते बरा झाला."

इथे सगळेच सगळ्यांना तू म्हणतात. फिलूबाई फादरला तू म्हणते आणि येशूलाही तू म्हणते. मी पहिल्या दिवशी ते मनात ठेवलं, दुसऱ्या दिवशी विसरलो, तिसऱ्या दिवशी मीच तिला "फिलू, मीठ दे गो" म्हणालो.

केतकी मागच्या खोलीतून आली. बारीक झाली होती. मला बघून हसली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "आईने पाठवलं ना?"

"मला कोण पाठवणार? मी फिरायला आलोय."

"मढला?"

"का? मढ काय वाईट आहे?"

तिने माझी पिशवी उचलून आत नेली.

जेवायला कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. ह्यांचा मसाला बाटलीत भरून वर्षभर ठेवतात, त्यालाच बाटली मसाला म्हणतात. एका मसाल्यात पंचवीस-तीस जिन्नस. चव उत्तम. पण ओलं खोबरं नाही! आम्ही मालवणी माणसं, खोबऱ्याशिवाय कालवण म्हणजे आम्हाला देवाशिवाय देऊळ. मी तसं बोललो. फिलूबाईचा नवरा इनास जाळं विणत ओटीवर बसला होता, तो तिथूनच म्हणाला, "खोबरा घातला का मासा लाजते. त्याची चव तो सांगत नाय मंग." मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

संध्याकाळी केतकीबरोबर किनाऱ्याला बसलो. परत चल असं म्हणायचं नाही हे मी ठरवून आलो होतो. म्हणून विचारलं, "तुझा तो उजेड काय ते मला नीट सांग. आजवर कधी विचारलं नाही."

"आजोबा, प्लीज ना. ते सोडा."

"माका कळणार नाय म्हणून सोडू?"

मग तिने सांगितलं. आधी आपल्या पृथ्वीचं. सूर्यातून नुसता उजेड येत नाही, एक वारासुद्धा सुटतो. विजेने भारलेल्या बारीक कणांचा वारा. पृथ्वी म्हणजे एक मोठं लोहचुंबक. ते चुंबक वाऱ्याला अडवतं, पण वारा त्याला हलवतो, ताणतो, आणि त्या ताणातून काही कण ध्रुवांकडे ढकलले जातात. ते वरच्या विरळ हवेत घुसतात आणि हवा पेटल्यासारखी चमकते. हिरवी, लाल. उत्तरेच्या देशांत लोक थंडीत उभे राहून बघतात.

"आणि गुरूवर?"

"गुरूवरचा तर ह्याहून किती तरी पट मोठा. पण डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. बहुतेक सगळा जांभळ्याच्याही पलीकडचा उजेड असतो. यंत्राला दिसतो."

"म्हणजे जो दिसत नाही त्या उजेडासाठी तू एवढी वर्षं शिकलीस?"

"हो," ती म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "बरं, म्हणजे तिथेही सूर्याचाच वारा. समजलं."

ती उठून उभी राहिली. म्हणाली, "चला, मच्छर चावतायत."

दुसरा दिवस

सकाळी फिलूबाईने मला कामाला लावलं. मढला बोंबील वाळवतात ते बघण्यासारखं आहे. बांबूंच्या उंच मांडवाला दोऱ्या ताणलेल्या. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. ना गाठ ना खिळा. वाऱ्यावर सगळी रांग हलते, पण पडत नाही. माझे पडत होते. फिलूबाईची सून मला हसत होती आणि माझ्या पाठोपाठ उचलत होती.

केतकी माझ्या शेजारी होती. तिचे एकही पडत नव्हते. ती आपणहून बोलायला लागली, हात चालू ठेवून.

"काल तुम्ही म्हणालात ना, सूर्याचाच वारा. मीपण तेच लिहिलं होतं."

गुरूचा उजेड कधी मंद असतो, कधी अचानक भडकतो. असाच एकदा भडकला होता. हिने हिशेब करून मांडलं की सूर्याच्या वाऱ्याची एक मोठी झुळूक आधी गुरूवर पोचली आणि मग उजेड भडकला. प्रबंधाचं सगळं प्रकरण त्यावर उभं केलं. मोठ्या लोकांच्या सभेत वाचायला उभी राहिली. बाहेरून आलेल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, झुळूक पोचायला लागणारा वेळ तू कसा काढलास? हिने फळ्यावर मांडायला घेतलं आणि मांडता मांडता हिला स्वतःलाच दिसलं. गणितात चूक होती. झुळूक नंतर पोचली होती. उजेड आधीच भडकला होता.

"पाहुणा यायच्या आधी घरात दिवाळी झाली होती, आजोबा. आणि मी सांगत होते पाहुण्याने फटाके आणले." हातात खडू धरून ती नुसती उभी राहिली आणि मग सभेतून बाहेर पडली. ती परत गेलीच नाही.

मी गरम झालो. माझ्या नातीला भर सभेत कोणी गप्प करतं म्हणजे काय? मी म्हटलं, "तू बरोबरच लिहिलंस. जगात उजेड म्हटला की तो सूर्याचा. गच्चीवरचं सोलर घे, झाडं घे, चंद्र घे. त्या बाईचं चुकलं असेल."

"नाही हो. माझं चुकलं."

"आपल्या घरात कोणी चुकत नाही."

तिने हातातली जोडी दोरीवर टाकली. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तेच तर," आणि निघून गेली.

मी मात्र हातातला बोंबील धरून राहिलो. फिलूबाई म्हणाली, "काका, त्याला अडकव नायतर सोड. त्याचा जीव गेलाय कवाच."

दुपारी केतकी खोलीतून बाहेर आली नाही. मी गावातून एकटाच फिरलो. जुन्या बंगल्यांत लग्नाचं शूटिंग, भुताचं शूटिंग. बायका टोपल्या घेऊन मालाडच्या बसला निघालेल्या. देवळाच्या ओट्यावर बसलो, चर्चच्या पायरीवर बसलो. मला सारखं ते "तेच तर" ऐकू येत होतं. मी आयुष्यात चुकलो असेन, नाही म्हणत नाही. पण तसं म्हटलं कोणापुढे नाही. बायकोपुढे नाही, मालकापुढे नाही. माझा मुलगाही म्हणत नाही. घरात हा शब्दच कोणी वापरत नाही, मग पोरीने तो कुठून शिकावा?

दिवस मावळताना इनास मला किनाऱ्यावर घेऊन गेला. केतकी तिथे आधीच बसली होती. पूर्वेला, खाडीच्या अंगाला, एक मोठा ठळक तारा वर आला होता, अजिबात न लुकलुकणारा.

"तो गुरू," ती म्हणाली. मग तिनेच सांगितलं की त्याला पुष्कळ चंद्र आहेत. त्यातला आयो नावाचा एक अगदी जवळून फिरतो. तो जिथून जातो, तिथून गुरूच्या चुंबकाच्या रेषेवरून वीज खाली उतरते आणि गुरूच्या त्या उजेडात एक वेगळा ठिपका उमटतो. चंद्र पुढे सरकला की ठिपकाही पुढे सरकतो. शास्त्रज्ञ त्याला पावलाची खूण म्हणतात.

इनास म्हणाला, "म्हंजे पोर कुठे हाय ते बापाचे डोक्यावर दिसते?"

"हो, काका."

"मंग त्याला फोन नको."

केतकी हसली नाही. मी म्हटलं, "तुझी आई रोज गॅलरीत उभी असते." एवढंच म्हटलं.

तिसरा दिवस

सकाळी तिच्या तोंडावर वेगळंच काहीतरी होतं. चहा पितानाच म्हणाली, "आजोबा, तुम्ही अजून सूर्यच धरून बसलाय ना?"

"हो. तू सोडलास म्हणून मी का सोडू?"

"मग ऐका. गुरू सूर्यापासून किती लांब आहे! वारा तिथे पोचेपर्यंत पार विरळ होतो. आणि गुरूचा उजेड कधी विझतच नाही. सूर्य शांत असला तरी असतो. मग रोज कोण आणून घालतं?"

"कोणीतरी घालत असेल. डायनामो आपोआप फिरत नाही. ते मला शिकवू नको. मी तेच केलंय जन्मभर."

"तुम्ही या इकडे!" ती ओरडली. मी तिला लहानपणी ओरडताना ऐकलं होतं, त्यानंतर आजच. मनात म्हटलं, भांडते आहे, चांगलं आहे. पण खरं सांगतो, मी तिला मुद्दाम भांडवत नव्हतो. मला खरंच सूर्यच वाटत होता.

तिने मला वाळवणाच्या मोकळ्या जागेत उभं केलं. फिलूबाईला आणि सुनेला हाक मारली. माझा एक हात तिने धरला, तिचा फिलूबाईने, फिलूबाईचा सुनेने. अशी साखळी.

"तुम्ही गुरू. मी म्हणजे आयोने ओकलेला धूर. त्या चंद्रावर आगीचे डोंगर आहेत, ते सारखा गंधकाचा धूर फेकतात. तो धूर विजेने भारतो, आणि मग गुरूचं चुंबक त्याला हाताला धरून आपल्याबरोबर फिरवतं. तो बाहेर बाहेर सरकतो. मी सरकले, मावशी सरकल्या, वहिनी सगळ्यात बाहेर. आता फिरा. जागच्या जागी."

आजूबाजूच्या बायका टोपल्या ठेवून बघायला लागल्या. मी फिरलो. आमच्याकडे गौरीला फुगड्या घालतात, त्यात मी लहानपणी बहिणींबरोबर असायचो, पण या वयात नाही. आधी मजा वाटली. मग सून मागे पडायला लागली. तिला सगळ्यात मोठा फेरा, तिने किती धावावं? ती मागे पडली की फिलूबाई ताणली जाते, फिलूबाई ताणली की केतकी, आणि केतकी मला खेचते.

"जोरात, आजोबा! तुम्ही थांबायचं नाही, त्यांना ओढायचं!"

"अगो, खांदा निखळेल माझा!"

"कुठे ओढ लागली?"

"खांद्याला! इथे!"

"तिथेच उजेड!" ती ओरडली. "बाहेरचा धूर मागे पडतो, चुंबक त्याला ओढून बरोबर आणायला बघतं, त्या ओढीतून वीज वाहते. ती चुंबकाच्या रेषांवरून तुमच्या ध्रुवाशी येते, तिथल्या हवेत आदळते आणि हवा चमकते. सूर्याने तुम्हाला धक्का दिला का? सांगा, दिला?"

माझी चप्पल निसटली. साखळी सुटली. सून एका बाजूला, फिलूबाई मांडवाला धरून, आणि मी खाली बसलो तो बसलोच. पृथ्वी अजून फिरत होती. बायका हसून हसून डोळे पुसत होत्या.

मला धाप लागली होती, पण डोक्यात एक गोष्ट अडकली होती. मी विचारलं, "पण मला फिरवलं कोणी? पाय कोण मारतं?"

केतकी माझ्यापुढे उकिडवी बसली. आता तिचा आवाज खाली आला होता. "कोणीच नाही. जन्मताना मिळालेली गिरकी आहे. एवढं मोठं धूड, आणि दहा तासांच्या आत एक फेरी पुरी करतं. त्याच गिरकीतून तो उजेड निघतो."

"म्हणजे उजेड काढला की गिरकी कमी होणार."

"होते. पण इतकी हळू की कोणाला कळणार नाही."

मी तरुणपणी सायकलने कामावर जायचो. अंधार पडला की चाकाला डायनामो टेकवायचा. टेकवला की पुढे दिवा लागतो आणि त्याच क्षणी पायडल जड होतं. उजेड फुकट मिळत नाही, पायातून जातो. हे मला माझ्या पोटऱ्यांनी सांगितलं होतं, आणि मी दोन दिवस सूर्य घेऊन बसलो होतो. गुरू स्वतःच्या अंगातली गिरकी खर्च करून दिवा लावतो, आणि त्या दिव्याची वात त्याच्या पोराकडून येते.

फिलूबाईने वरून विचारलं, "मंग काका, सूर्य हाय का नाय?"

सगळ्या बायका बघत होत्या. माझे कान तापले. मला वाटलं, चक्कर आली सांगावं आणि उठावं. केतकी माझ्याकडे बघत होती, अगदी एकटक. मी म्हटलं, "नाही. सूर्य नाही. माझं चुकलं."

मला वाटलं होतं काहीतरी होईल. काय होईल ते माहीत नव्हतं, पण काहीतरी.

फिलूबाई म्हणाली, "बरं. आता उठ. बोंबलावर बसलायस."

खरंच बसलो होतो. केतकीने हात देऊन उठवलं, आणि माझी पाठ बघून ती अशी हसली की तिला मांडवाचा बांबू धरावा लागला. मी तिच्या हसण्याकडे बघत राहिलो. माझ्या धोतराचं काय झालं ते नंतर फिलूबाईने तीनदा साबण लावून निस्तरलं, तरी मेट्रोत शेजारचा माणूस सरकून बसला.

घराकडे जाताना तिने विचारलं, "आजोबा, आयुष्यात पहिल्यांदा म्हणालात ना?"

"हो. दुसऱ्यांदा म्हणायला लावू नको."

मग ती वाटभर बोलत राहिली. सूर्याचं गुरूवर अगदीच काही नाही असं नाही, तो वारा वरून थोडी ढवळाढवळ करतो, पण मुख्य चूल घरची. शनीचं दोन्हीकडून. त्याचा एक लहानसा चंद्र पाण्याचे फवारे उडवतो, त्यातून घरचा माल मिळतो, आणि सूर्याचा वारा जोरात आला की उजेड आणखी वाढतो. मी म्हटलं, म्हणजे थोडं पेन्शन, थोडं मुलाकडून. ती म्हणाली, अगदी. युरेनस तर आडवा पडून फिरतो, आणि त्याचं चुंबक आत भलत्याच बाजूला कलंडलेलं, म्हणून त्याचा उजेड डोक्यावर न पडता कुठेतरी कडेला पडतो. तो का आणि कसा, ते अजून कोणालाच पुरतं कळलेलं नाही.

"मग कोण शोधणार?" मी विचारलं.

जेवताना तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. फिलूबाईने मला डोळ्याने खूण केली. इनास म्हणाला, "काका, परत ये. पुढचे वेळी खोबरा घेऊन ये तुजा. मासा लाजला तर लाजू दे."

मढचा धक्का

तीच मला धक्क्यावर सोडायला आली. सरांनी दिलेला सोमवार आता परवावर आला होता. तिच्या हातात माझी पिशवी होती, तिची नव्हती. मी तिच्या आईला सांगून आलो होतो, घेतल्याशिवाय येणार नाही. आता रिकाम्या हाताने जायचं होतं. पण मी एका शब्दाने म्हटलं नाही, चल. खांदा अजून दुखत होता, आणि मला कळलं होतं की ओढून आणण्याची जबर किंमत पडते.

फेरी पलीकडून येत होती. ती खाडीकडे बघत म्हणाली, "आजोबा, एक फोन करू?"

"मला काय विचारतेस?"

तिने फोन लावला. पलीकडून कोणीतरी बोललं.

"सर, केतकी बोलतेय." मी पाण्याकडे तोंड केलं. "सर, माझं चुकलं होतं. उजेड आधी भडकला. वारा नंतर आला. ते मला परत पहिल्यापासून मांडायचंय."

पलीकडून सर बोलत राहिले. ती "हो सर", "हो सर" करत होती. फेरी धक्क्याला लागली. मोटारसायकली उतरल्या, टोपल्या उतरल्या, माझ्या आसपासची माणसं चढायला लागली. नावाडी ओरडला, "चला काका, चला, भरती थांबत नाय!"

मी पिशवी उचलली. तेवढ्यात मागून केतकीचा आवाज आला, जरा चढलेला.

"नाही सर. एक मिनिट, सर. पण मग उजेड भडकायच्या आधीच्या आठवड्यात आयोवर डोंगर किती पेटले होते ते कोणी बघितलंय का? नाही ना? मग तुम्ही ते कसं काय म्हणता?"

ती येरझाऱ्या घालायला लागली होती. मोकळा हात हवेत उडत होता. एक कोळीण टोपली घेऊन तिला वळसा घालून गेली, तिला पत्ता नाही.

"काका, येतायस का नाय?"

मी नावाड्याला हाताने सांगितलं, जा. पिशवी खाली ठेवली आणि धक्क्याच्या कठड्यावर टेकलो. त्यांचं भांडण लांबणार होतं.